आखाजीचा बार आणि एक वरचा सूर

वैशाखात खान्देशात जाते म्हटल्यावर थोरल्या बहिणीनं फोनवर स्पष्टच विचारलं, "सुलभा, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? तिकडे आत्ता कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत." डोकं ठिकाणावर होतं. उन्हाची धास्तीही होती. पण दीपालीनं बोलावलं होतं, आणि तो आवाज ऐकायला मिळणार असेल तर मी धुळ्याला काय, वाळवंटातसुद्धा पियानो डोक्यावर घेऊन जाईन. साठी उलटलेल्या बाईनं असं बोलू नये, पण खरं ते खरं.

दीपाली कोण ते आधी सांगते. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, अनेर नदीच्या काठी तिचं गाव. घरची केळीची बाग. पुण्यात बी.एस्सी. करायला आली आणि मैत्रिणीसोबत सहज म्हणून आमच्या कॅम्पातल्या गायनवृंदाच्या तालमीला येऊन बसली. तिथे मी पियानोवर साथ करत असे. बसल्या बसल्या मागच्या बाकावरून ती सगळ्यांबरोबर गुणगुणायला लागली आणि माझे हात थांबले. समोर मोठा वृंद गात होता, पण मला ऐकू येत होती ती एकटी. तिचा आवाज काही फार मोठा नव्हता, पण तो येऊन पोचत होता.

तिचा आवाज सोप्रानो, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय गाण्यातला बायकांचा सगळ्यात उंच आवाज. समोर व्हायोलिन, तुताऱ्या, नगारे वाजवणाऱ्यांचा अख्खा ताफा असतो. त्याच्या डोक्यावरून, मायक्रोफोनशिवाय, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत शब्द न् शब्द पोचवायचा. हे शिकवतात कसं, असं मला लोक विचारतात. आधी गाणं शिकवतच नाहीत! पुढे मुंबईत ज्या बाईंकडे ती शिकली, त्यांनी तिला कितीतरी महिने जमिनीवर उताणं झोपवलं. पोटावर जाडजूड पुस्तकं. श्वास घेतला की पुस्तकं उचलली गेली पाहिजेत आणि खांदे जराही हलता कामा नयेत. मग नुसता 'आ'. मग आरशासमोर उभं राहून जबडा, जीभ, मान, गुडघे, सगळीकडचा ताण एकेक करून काढून टाकायचा. जोडीला इटालियन, जर्मन आणि फ्रेंच. पुढे जर्मनीतल्या संगीत विद्यालयाची परीक्षा, त्यात पहिल्या खेपेला नापास. पोरगी वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तकं पोटावर घेऊन आडवी झाली.

शेवटी तिथल्या एका मध्यम शहराच्या नाट्यगृहात तिला नोकरी लागली. हो, नोकरी. तिकडे ऑपेरा गाणारे महिन्याच्या पगारावर असतात, सुट्ट्या असतात, पेन्शन असतं. तिच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, फोनवर पहिला प्रश्न विचारला होता, "सरकारी शे का?" नाट्यगृह नगरपालिकेचं असल्यामुळे ती म्हणाली, "सरकारीच समजा." आबांनी त्या संध्याकाळी गावात पेढे वाटले.

आणि मग मागच्या वर्षी सर्दी असताना ती गायली आणि गळ्यातल्या स्वरतंतूवर रक्त उतरलं. सतारीची तार तुटली तर नवी लावता येते, हिची तार गळ्यात. छोटी शस्त्रक्रिया झाली, कित्येक आठवडे पूर्ण मौन, मग थेंबाथेंबानं आवाज. डॉक्टरांनी सांगितलं, तंतू ठणठणीत बरा आहे. पण सगळ्यात वरचा सूर, ज्याला आम्ही 'हाय सी' म्हणतो, तो काही ती लावेना. लावून बघायचीच नाही! त्याच्या अलीकडे दोन पायऱ्यांवर येऊन थांबायची, विहिरीच्या काठावर जनावर थांबावं तशी. आणि तिला ज्या भूमिका मिळतात त्या उभ्याच असतात या सुरावर. नाट्यगृहानं जागा राखून ठेवली होती, पण आता त्यांना हो की नाही ते हवं होतं. आखाजी झाली की कळवते, असं तिनं सांगितलं होतं. आखाजी म्हणजे आपली अक्षय तृतीया.

त्याआधी धुळ्यात एक कार्यक्रम ठेवला होता. आजारानंतरचा पहिला. "मोडायचंच असेल तर घरच्या माणसांत मोडू दे," असं ती मला म्हणाली होती. म्हणून माझा हा प्रवास.

पाचोरा

गाडीतून उतरले आणि तोंडावर भट्टीचं दार उघडलं. फलाटावर दीपालीचे मामा उभे होते; तालमीसाठी ती त्यांच्याकडेच उतरली होती. जगनमामा कापसाच्या जिनिंग मिलमध्ये हिशेबनीस, अंगानं बारीक, आवाजानं दणदणीत. "ताई, बठ्ठं सामान उनं का?" असं अहिराणीत म्हणत, म्हणजे सगळं सामान आलं ना हे विचारत, त्यांनी माझी बॅग, पिशवी आणि पाण्याची बाटलीसुद्धा काढून घेतली. पुण्यात पाहुण्याला घ्यायला स्टेशनवर जाणं बंद होऊन जमाना झाला. आपण लोकेशन पाठवतो.

घरी वरण-बट्टी होती. तुपात बुडवलेली बट्टी कुस्करायची, वर वरण ओतायचं आणि बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा. मी ठेच्याकडे बोट दाखवून "हे चटणीसारखंच ना?" असं विचारलं आणि चमचाभर तोंडात टाकला. मामी बिचारी गूळ घेऊन धावली. दीपाली मात्र दूधभात खात होती. गाणाऱ्यानं तिखट खायचं नाही. पोटातलं आम्ल वर येतं आणि तंतू भाजतात. ज्या मुलखात ठेच्याशिवाय पान वाढत नाहीत, तिथली पोर इतकी वर्षं दूधभातावर! मामी मला हळूच म्हणाली, "आमनी पोर उपाशी ऱ्हास वं, ताई."

दुपार कलल्यावर तालीम. मामांनी मिलचं रिकामं गोदाम उघडून दिलं. हंगाम संपलेला, कोपऱ्यात थोडा कापूस, वर पत्रे, पत्र्यांखाली पारवे. मी आणलेला इलेक्ट्रॉनिक पियानो सरकीच्या पोत्यांवर ठेवला. दीपाली चप्पल काढून उभी राहिली आणि तिनं आवाज मोकळा करायला सुरुवात केली. आधी ओठ फुरफुरवत, मग बंद तोंडानं, मग 'आ'.

आयुष्यभर मी गाणाऱ्यांच्या शेजारी बसले आहे, तरी तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज तिच्या तोंडातून येतोय असं वाटतच नव्हतं. पत्र्यातून, पोत्यांतून, माझ्या पायाखालच्या फरशीतून येत होता. पारवे सगळे एकदम उडाले. दारात हमाल गोळा झाले आणि त्यातल्या एकानं टोपी काढून हातात घेतली. माणसाच्या छातीच्या एवढ्याशा पिंजऱ्यात हे मावतं कसं? मला आजही कळत नाही, आणि कळलं नाही तरी चालेल.

पण ती पायऱ्या चढत चढत तिथे आली आणि थांबली. पाणी प्यायली. "आज इतकं पुरे, ताई." मी पियानो बंद केला.

धुळे

कार्यक्रम एका कॉलेजच्या सभागृहात, सकाळी. संगीत मंडळ चालवणारे निवृत्त प्राध्यापक, सगळे त्यांना नाना म्हणतात, दारात गुलाबपाणी शिंपडत होते. "आमच्या धुळ्यात हे असं गाणं पहिल्यांदाच," ते मला तीनतीनदा सांगत होते, आणि प्रत्येक वेळी रुमालानं कपाळ पुसत होते. सभागृह भरलेलं. वकील, डॉक्टर, मास्तर, नटूनथटून आलेल्या बायका आणि खेड्यांवरून जीप करून आलेले दीपालीचे नातेवाईक.

साउंडवाल्या पप्पूभाऊला दीपालीनं आदल्या दिवशीच नीट सांगितलं होतं की माइक नको. त्यानं मान डोलावली होती. पण या बाजूला बारशापासून दहाव्यापर्यंत माइकशिवाय काही होत नाही, आणि तोही चांगला घुमवलेला! मॅडम भिडस्त आहेत, लाजून नको म्हणताहेत, असं त्या भल्या माणसानं ठरवलं आणि समोरच्या फुलदाणीत निशिगंधाच्या आड एक माइक खोचून ठेवला. दीपालीनं पहिली ओळ गायली मात्र, कर्ण्यांतून अशी शीळ निघाली की पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कानातलं यंत्र उपटून काढलं. ओळीचा शेवटचा शब्द सगळ्या भिंतींवरून चारचारदा परत आला. पप्पूभाऊ रडकुंडीला येऊन धावला, फुलदाणीच उचलून घेऊन गेला. सभागृह हसलं, दीपाली हसली, आणि बरं झालं, तिचे खांदे उतरले.

मग तिनं एक विनंती केली. "हे कूलर बंद करता येतील का? त्यांच्या घरघरीत तुम्हाला बारीक जागा ऐकू येणार नाहीत." बाहेर धुळ्याचं ऊन तापत होतं. मला वाटलं, आता अर्धे लोक उठतील. नानांनी मागे वळून पाहिलं. एकेक करून सगळे कूलर बंद झाले. लोक घामानं निथळत बसले. पंख्यासारखी हातातली पत्रिका हलवणाऱ्या बायकांनी तीसुद्धा हलवणं थांबवलं, कागदाचा आवाज होतो म्हणून. पुण्यात आमच्याकडे वातानुकूलित सभागृहात लोक चॉकलेटचे कागद सोडत बसतात. मला माझ्याच शहराची लाज वाटली.

ती गायली. जर्मन गायली, फ्रेंच गायली. भाषा कुणाला येत होती? पण एका संथ गाण्यात तिनं आवाज इतका बारीक केला की दोऱ्याएवढा राहिला, आणि तो दोरा शेवटच्या रांगेपर्यंत न तुटता गेला. मी पट्ट्यांवर बोटं ठेवून श्वास धरून बसले होते.

शेवटचं गाणं इटालियन ऑपेरातलं. त्याच्या शेवटी वर चढायचं आणि त्या वरच्या सुरावर उभं राहायचं. मी माझ्या सुरावटी वाजवत तिला तिथपर्यंत नेलं. वर वाट मोकळी केली, थांबले. तिनं श्वास घेतला. मी तिच्या पाठीकडे पाहत होते आणि पाठीतच मला दिसलं. ती वर गेली नाही. खालच्या सुरावर वळली, तिथेच सुंदर थांबली, आणि गाणं संपलं. असं वळायची सोय असते, मोठमोठे गायक वळतात. लोक उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. एक शेतकरी आजी मंचावर येऊन तिचा चेहरा कुरवाळत म्हणाली, "माले काही समजनं नही, माय, पन आंगवर काटा उना." दीपाली वाकून तिच्या पाया पडली. त्या सगळ्या सभागृहात काय हुकलं ते फक्त दोघींना माहीत होतं, तिला आणि मला.

शिरपूरच्या अलीकडे

मामांची गाडी आग्रा रोडनं शिरपूरकडे निघाली. दुपारी एका ढाब्यावर थांबलो. मी दही मागवलं. दीपाली वेटरला म्हणाली, "शेवभाजी. तिखट."

लाल तर्रीत पोहणारी जाडी शेव आली. तिनं भाकरी कुस्करली आणि खायला लागली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी खातेय. मामा आनंदानं बघत होते, भाची घरचं जेवतेय म्हणून. माझं डोकं फिरलं.

"अगं, काय चाललंय? गळा कुणाचा आहे तो?"

"आता काय जपायचंय, सुलभाताई?" ती घास न थांबवता म्हणाली. "आखाजी झाली की नाही म्हणून कळवते. इथे मुलांना शिकवीन. बाग आहे. दूधभात बंद."

"एका सुरासाठी?"

"तो एक सूर नाही तर मी तिथे काय करू? तुम्ही सांगा. खोटं सांगू नका."

मी चिडून दही ढवळत राहिले. तिला फटकारावं की जवळ घ्यावं, मला ठरवता येईना, आणि मी दोन्ही केलं नाही. मामांना एवढंच कळलं की बायकांचं काहीतरी बिनसलंय, आणि त्यांनी सगळ्यांसाठी ताक मागवलं.

अनेरचा काठ

शिरपूर सोडल्यावर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या. बाहेर रखरख आणि बागेत पाऊल टाकलं की गारवा, जणू कुणी खोलीचं दार लोटून घेतलं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. समोरच्या काठच्या बायकांना कळलं तर पुढच्या आखाजीला माझ्या नावानं गाणं रचतील.

दुसऱ्या दिवशी आखाजी. पुण्यात आमची अक्षय तृतीया म्हणजे सराफाकडे रांग आणि आमरस. इथे हा लेकींचा सण. सासरी गेलेली प्रत्येक पोर माहेरी येते. लिंबाच्या झाडांना झोके बांधलेले, घरोघर टोपल्यांत पेरलेल्या गव्हाच्या हिरव्या गौराई. पुरुषांना त्या दिवशी पत्ते खेळायची उघड मुभा, त्यामुळे ते पारावर गुंतलेले. दीपालीची आई, माय, उलट्या खापरावर पुरणपोळ्या करत होती. तळहातांवर झेलत झेलत पोळी रुमालाएवढी, मग धोतराच्या पानाएवढी वाढवायची आणि खापरावर अलगद सोडायची. माझ्यानं एक झाली, तीही फाटली. "फाटू द्या, ताई," माय म्हणाली, "फाटेल पोळी बी गोडच लागस."

मग दुसरी पोळी पसरता पसरता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "पोर अठेच राही तं बरंच शे. पन आशी गप्प राहनारी पोर घरमा ठेईसन मी काय करू?" म्हणजे मायला सगळं माहीत होतं. आयांना नेहमीच माहीत असतं.

उन्हं उतरल्यावर बायका गौराई घेऊन नदीवर निघाल्या. नदी म्हणजे वाळू आणि मधोमध पाण्याचे डबरे. हा काठ जळगाव जिल्ह्यातला, तो काठ धुळ्याचा. आणि त्या काठावरही तेवढ्याच बायका जमलेल्या! मला वाटलं, किती छान, दोन गावं मिळून विसर्जन करतात. तेवढ्यात पलीकडून एक अशी सणसणीत शिवी आली की मी हातातली टोपली सोडली.

हाच आखाजीचा बार. गौराई वाहिली की दोन काठांच्या बायकांनी एकमेकींना गाण्यातून, हाळीतून, मनसोक्त शिव्या घालायच्या. वर्षभर ज्यांच्याशी सोयरीक, ज्यांच्या बाजारात भाजी घ्यायची, त्यांनाच. सूर्य बुडला की सगळं संपतं, राग कुणी धरत नाही. नियम थोडे आणि कडक: आवाज पलीकडे पोचला पाहिजे, शब्द कळला पाहिजे, आणि पलीकडून जिचं नाव घेतील तिनंच उत्तर द्यायचं. ज्या काठाला उत्तर सुचणार नाही तो हरला, आणि त्यानं जिंकलेल्यांना पाणी पाजायचं.

मी पुढे सरून ऐकू लागले आणि थक्क झाले. कुणी किंचाळत नव्हतं! पदर खोचून, पाय रोवून, तोंडाला हात न लावता त्या हाक फेकत होत्या, आणि ती हाक वाळूवरून तशीच्या तशी पलीकडे जाऊन पडत होती. मागच्या बाकावरून दीपालीचा आवाज माझ्यापर्यंत कसा पोचला होता ते मला त्या क्षणी कळलं. मुंबईच्या बाई, जर्मनीचं विद्यालय, सगळं नंतरचं. परकराच्या वयापासून ही पोर या काठावर उभी राहत होती.

आमच्या बाजूची म्होरकी दीपालीची फुई, म्हणजे आत्या. पलीकडची म्होरकी द्वारकाअक्का, सत्तरीची, हिरव्या लुगड्यातली, आवाज पत्र्याच्या डब्यात खडे घातल्यासारखा. तासभर जुंपली होती. कुणाची भाकरी कच्ची, कुणाचा नवरा आळशी, कुणाची म्हैस आटलेली. मी पोट धरून हसत होते. दीपाली मात्र मागे, मायच्या आड, उपरण्यानं गळा गुंडाळून उभी होती. ओरडायचं नाही, हा तिचा पहिला नियम. ओरडणं म्हणजे तंतूवर घाव.

आणि पलीकडून हाक आली. "ओ आबानी दिपूऽऽ! वाचा गयी का वं तुन्हीऽऽ?"

सगळ्या बायका हसल्या. त्या काठच्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! मी दीपालीकडे पाहिलं, ती पांढरीफटक पडली होती. फुईनं लगेच परतवलं, "तिना घसा दुखस, तिले बोलाडू नकाऽऽ!" पण जिचं नाव तिचंच उत्तर. पलीकडच्यांनी टाळ्या पिटत ताल धरला, "जर्मनीमा जाईसन मुकी व्हयनीऽऽ! जर्मनीमा जाईसन मुकी व्हयनीऽऽ!" फेर धरून नाचायला लागल्या अगदी.

दीपालीनं गळ्याचं उपरणं काढून मायच्या हातात दिलं. मी तिचा दंड पकडला. "वेडी आहेस का? रक्त उतरेल!" तिनं माझा हात सोडवला आणि वाळूत पुढे गेली. मी देवाचं नाव घेतलं. मी काही फारशी देवाधर्माची नाही, पण घेतलं.

ती थांबली. गुडघे जरासे सैल झाले. बरगड्या दोन्हीकडे उघडल्या. खांदे हलले नाहीत.

"द्वारकामावशीऽऽ!" हाक सरळ गेली. "तुन्ही पोळी फाटनी वं माऽऽऽय!"

या गावांत याहून मोठी शिवी नाही. पण मी शब्द ऐकतच नव्हते. त्या 'माय'मधला 'आ' चढला. चढत गेला. ज्या पायरीवर ती इतके महिने थांबत होती ती पायरी मागे पडली, तो सूर आला, आणि ती तिथेही थांबली नाही. आणखी अर्ध्या सुरानं वर गेली आणि वर जाऊन उभी राहिली. गोल, भरलेला, कुठेही न चिरलेला सूर. नदीच्या त्या टोकाला पाणी पिणाऱ्या बकऱ्यांनी माना वर केल्या. वाटलं, हा आता खाली येणारच नाही. माझे हात जोडले गेले होते, कधी ते मला कळलं नाही. मोठमोठ्या सभागृहांत, मखमली खुर्च्यांत बसून मी हा सूर ऐकला आहे. असा कधी ऐकला नाही, आणि पुन्हा ऐकेन असं वाटत नाही.

सूर संपला तेव्हा आमचा काठ नुसता कल्लोळ करत होता. दीपाली वळली आणि धावत माझ्याकडे आली.

"कुठला होता?" ती कुजबुजली.

"सी. आणि त्याच्या वर अर्धा."

"खोटं."

"बाई गं, सुरांच्या बाबतीत मी माझ्या सख्ख्या आईशीसुद्धा खोटं बोलले नाही." मग मला रडू आलं आणि मी तिला गच्च धरलं. तीही रडत होती, हसत होती. "दुखलं का? बोलून दाखव."

"नाही दुखलं," ती नेहमीच्या स्वच्छ आवाजात म्हणाली. "द्वारकामावशीला उत्तर द्यायचं होतं ना. त्या सुराची आठवणच झाली नाही."

पलीकडून द्वारकाअक्का तांब्या घेऊन वाळू तुडवत येत होती. हरल्याचं पाणी. जवळ आल्यावर तिनं दीपालीला आधी खालपासून वरपर्यंत निरखलं, मग कानावर हात ठेवून डोकं हलवलं, आणि तांब्या पुढे केला. दीपाली ओंजळीनं प्यायली.

"पुढना साल बी येजो वं, पोरी," अक्का म्हणाली. "तू नही उनी तं आम्ही जिकनूत आसं समजसूत."

दीपालीनं मनगटानं तोंड पुसलं. क्षणभर मायकडे पाहिलं, मग अक्काकडे.

"पुढना साल नही येवाव, मावशी. तठे जर्मनीमा काम शे मन्हं."

माय माझ्या शेजारी उपरणं छातीशी धरून उभी होती. द्वारकाअक्कानं रिकामा तांब्या हवेत उंच धरला आणि आपल्या काठाकडे वळून त्या डबा-खडे आवाजात आरोळी ठोकली, "जिकनूत वं बायासहोनऽऽ! पुढना सालना बार आपलाऽऽ!" पलीकडे एकच जल्लोष झाला.

मायनं पदर डोळ्यांना लावला. मग तो खाली घेतला, पाय रोवले, आणि द्वारकाअक्काला सगळ्या नदीला ऐकू जाईल अशी एक शिवी घातली.